पेढे कोणी वाटायचे?

शाळांचे वार्षिक निकाल महाराष्ट्र दिनाच्या आसपास लागतात आणि त्या आठवड्यात मुंबईतल्या असंख्य घरांत एक करार अमलात येतो. करार तोंडी असतो. तो बहुधा जूनमध्येच, नव्या वह्यांना कव्हरे घालताना झालेला असतो. ९० टक्क्यांच्या वर गेलास तर वॉटर पार्क. ८० ते ९० पडले तर मॉलमधला गेम झोन आणि पिझ्झा. त्याखाली गेलास तर ‘बघू’. बँकेत साडेतीन दशके काढलेल्या माझ्यासारख्याला ही भाषा फार ओळखीची आहे. ठेवींचे उद्दिष्ट, उद्दिष्टाचे टप्पे, टप्प्यागणिक शाबासकी, आणि उद्दिष्ट हुकलेल्या शाखाधिकाऱ्याने बदलीचा अर्ज केला की त्यावर वरिष्ठांचे ‘बघू’. पण शाखाधिकाऱ्याला महिनाअखेर पगार मिळतच असतो. मुलाच्या करारात मूळ पगाराचे कलमच नसते. सगळा कारभार प्रोत्साहन भत्त्यावर चाललेला असतो.

मुलांचे लाड करू नयेत, असे मी म्हणणार नाही. आजोबा झालेल्या माणसाने तसे म्हटले तर घरातच कोणी विश्वास ठेवणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, फिरायला जाणे आणि खाऊ या गोष्टी गुणपत्रिकेला बांधू नयेत. गुण चांगले पडले तर त्याचा आनंद जरूर करावा. पण समुद्र, भेळ, राणीची बाग आणि आईबापांचा रविवार या गोष्टी मुलाने कमवायच्या नसतात. त्या त्याच्या असतातच.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० आणि ७०च्या दशकांत, गिरगावातल्या चाळीत लाड कमी होत, हे खरे. पण जे होत ते कशावरून होत, हे पाहण्यासारखे आहे. वडिलांच्या पगाराच्या दिवशी त्यांच्या पिशवीतून इराण्याकडचा मावा केक निघे. पगार त्यांचा, केक आमचा. कोकणातून मामा आला की त्याला ‘मुंबई दाखवायची’ असे. मग राणीची बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय आणि शेवटी चौपाटीवरची भेळ, असा ठरलेला मार्ग. बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे जी बाके असत, त्यांवर आम्ही भावंडे मामाला न विचारताच बसत असू आणि त्या जागेवरून भांडत असू. मुंबई दाखवायची होती ती मामाला. आम्ही नुसते त्याचे शेपूट. मामाने तर शाळा सातवीतच सोडलेली. त्याला किती टक्के पडले होते म्हणून त्याला मत्स्यालय दाखवायचे, असा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

गुणांचा दिवस वेगळा असे. निकाल लागला की पेढे येत. पहिला पेढा देवापुढे. मग पुडा पास झालेल्या मुलाच्याच हातात देऊन त्याला चाळीतल्या एकेका बिऱ्हाडी पाठवत. ज्याला गुण पडले तो देणारा, आणि बाकीची चाळ घेणारी. ज्या घरातला मुलगा नापास झाला आहे त्या घरीही जावे लागे. तिथे काय बोलायचे नाही, हे आई दारातच बजावून सांगे. त्या घरातली बाई पेढा घेई, डोक्यावरून हात फिरवी आणि आत वळून आपल्या मुलाला हाक मारून म्हणे, ‘अरे, पेढा घे.’ तो येई, घेई, आणि मग आम्ही दोघे मिळून पुढच्या दारी जात असू. एखादे आजोबा हातावर चार आणे ठेवीत. ते घरी पोहोचल्यावर आईच्या डब्यात जमा होत. त्या खात्यावर व्याज मिळत नसे आणि पैसे काढण्याची सोयही नव्हती.

तो काळ फार सोन्याचा होता, असे मात्र कोणी समजू नये. कमी गुणांबद्दल मार घरोघर मिळे आणि शाळेत छडी होतीच. पुष्कळ घरांतल्या मुलींना चौपाटीवर जायलाही भावाची सोबत लागे. मला त्या काळाची आरती करायची नाही. एवढेच दाखवायचे आहे की, परीक्षेत यश मिळवलेले मूल पूर्वी चार घरी काहीतरी देऊन येत होते आणि आता ते आपल्याच घरी वसुली करते. मधल्या पन्नास वर्षांत हा उलटा फेरा कधी झाला ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? आमिषाने का होईना, मूल अभ्यास तर करते! हाच प्रश्न मानसशास्त्रातल्या लोकांनी तपासून पाहिला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी केलेला प्रयोग १९७३मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे काढायला मनापासून आवडते अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितले नाही; चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक हातात दिले. तिसऱ्याला ना सांगितले, ना दिले. मग काही दिवस जाऊ दिले आणि वर्गात रंगीत पेने मोकळी ठेवून मुले आपखुशीने किती वेळ चित्रे काढतात ते पाहिले. बक्षिसाचे वचन मिळालेली मुले बाकीच्या दोन गटांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. आवडीचे काम मजुरीचे झाले, आणि मजुरी थांबल्यावर काम थांबले.

मला त्यात अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा गट. त्याला तेच प्रशस्तिपत्र मिळाले होते. पण त्याची आवड कमी झाली नाही. म्हणजे बिघाड देण्यात नव्हता, आधी ठरवून देण्यात होता. पुढे १९९९मध्ये एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यातूनही बरेचसे असेच निघाले. वाद अजून आहेत. ज्या कामात मुलाला मुळातच रस नाही, तिथे बक्षिसाने नुकसान होताना दिसत नाही. तेव्हा दप्तर आवरण्यासाठी कोणी गोळी कबूल केली असेल तर त्या आईने मनाला लावून घेऊ नये. पण वाचन, गणित, विज्ञान यांत मुलाला आपले आपण गोडी लागावी, अशी आपली इच्छा असते ना? मग त्यांना भाव लावणे महागात पडते.

भावाचा विषय निघालाच आहे, तर मॉलमधल्या गेम झोनबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. तिथे रोख चालत नाही. आधी कार्डात पैसे भरायचे आणि मग ते कार्ड एकेका यंत्राला लावायचे. कोणत्या खेळाला किती रुपये, ते रुपयांत न लिहिता गुणांत लिहिलेले असते. शेवटी कार्डात जी शिल्लक राहते ती कोणत्याही एका खेळाला पुरत नाही. तेव्हा एक तर आणखी भरा, नाही तर सोडून द्या. जन्मभर दुसऱ्यांची खाती पाहिलेल्या माणसाला ही योजना कोणी हुशार माणसाने आखली आहे, हे लगेच कळते. बँकेत दहा वर्षे पडून राहिलेल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०१४मध्ये स्वतंत्र निधी काढला आणि त्यात गेलेले पैसेही ठेवीदाराला परत मागता येतात. गेम झोनच्या कार्डांतल्या शिलकीचा असा हिशेब कोण मागणार? खेळ जिंकल्यावर यंत्रातून तिकिटांची लांबच लांब माळ बाहेर येते. ती खिडकीवर नेऊन दिली की बदल्यात एक प्लास्टिकची अंगठी मिळते. मूल ती गाडीतच हरवते.

घाटकोपरला २०१३मध्ये किडझानिया सुरू झाले तेव्हा त्याचे पुष्कळ कौतुक झाले. तिथे मुले लुटुपुटुचे डॉक्टर, वैमानिक, अग्निशामक होतात आणि कामाबद्दल ‘किडझो’ नावाचे चलन मिळवतात. कल्पना हुशारीची आहे आणि मुलांना ती आवडते, हे मी नाकारत नाही. पण सुट्टीच्या दिवशी मुलाला करमणुकीसाठीही पगारपत्रकावर सही करावी लागते, हे पाहून जुन्या बँकवाल्याला थोडे हसू येते आणि थोडे गलबलूनही येते.

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी, शाळेला सुट्टी होती म्हणून, मी आठ वर्षांच्या नातीला म्हटले, ‘चल, राणीच्या बागेत जाऊ.’ तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले आणि विचारले, ‘आजोबा, पण मी काय केलंय?’ आधी मला वाटले, तिला कसली तरी शिक्षा होते आहे, अशी शंका आली असावी. तसे नव्हते. आपण कशाचे बक्षीस घेत आहोत, ते तिला कळत नव्हते. मी म्हटले, ‘काही नाही. आज गुरुवार आहे म्हणून.’ हे उत्तर तिला पटले नाही. भायखळ्याला उतरेपर्यंत ती स्वतःच कारणे शोधत होती. पहाडे पाठ केले म्हणून का? दूध सांडू दिले नाही म्हणून का? इतक्या लहान पोरीला आपली सुट्टी कोणत्या खात्यात टाकायची, ही काळजी पडली होती.

बागेत गेल्यावर ती काळजी विसरली. पेंग्विन पाहिले, ते २०१७पासून तिथली मोठी मिरवणूक आहेत. काचेपाशी इतकी गर्दी होती की पेंग्विनपेक्षा लोकांच्या हातांतले मोबाइलच जास्त दिसले. नंतर कैलासपतीचे झाड लागले. त्याची फुले खोडालाच लागतात आणि तोफगोळ्यांसारखी फळे तिथेच लोंबतात. त्या झाडाखाली ती बराच वेळ उभी राहिली. फळ डोक्यात पडले तर काय होईल, आंबा पडला तर काय, नारळ पडला तर काय, अशी चौकशी झाली. तिथून पुढे माळी रबरी नळीने पाणी घालत होता आणि नळीला मध्येच बारीक भोक पडले होते. त्यातून उडणाऱ्या कारंज्याने आम्हांला पाऊण तास थांबवले. त्या कारंज्याला तिकीट नव्हते. बागेच्या दाराशी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२मध्ये लोकांसाठी उघडले आणि दुरुस्तीनंतर २००८मध्ये पुन्हा देखणे होऊन उभे राहिले. त्याच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिले. इंग्रजांनी १८६४मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला आणि उचलतानाच तो फुटला. मग तुकडे मुंबईत आले आणि पुढे ते सांधले. ‘मग तो जायला नाही म्हणाला,’ नात म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकात हे असे लिहीत नाहीत.

बागेचे प्रवेशशुल्क १ ऑगस्ट २०१७पासून मोठ्यांना ५ रुपयांवरून ५० आणि लहानांना २ रुपयांवरून २५ झाले. आईवडील आणि दोन मुले यांना मिळून १०० रुपये ठेवले. तेव्हा त्यावरून पुष्कळ ओरड झाली. ५ रुपयांत बाग सांभाळता येत नाही, हे हिशेब कळणाऱ्याला मान्य करावेच लागते. पण घरकाम करणाऱ्या बाईच्या हिशेबात १०० रुपये म्हणजे काय, हेही त्याला कळले पाहिजे. महापालिकेच्या बागेला हा विचार निदान करावा लागतो. मॉलच्या दारावर तो प्रश्नच येत नाही.

आणि शहरातले स्वस्त आनंद एकेक करून कमी होत आहेत. १९५१मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय २०२०च्या टाळेबंदीत बंद झाले आणि नंतर इमारतच धोकादायक ठरली. १९३७पासून मुंबईत धावणारी जुनी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ला शेवटची धावली. त्या दिवशी तिला हार घालायला आलेल्यांत माझ्या वयाचे लोक बरेच होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली बस आली, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. वारा नाही, पण वरची पुढची जागा आहे, आणि तिच्यावरून भांडणेही आहेत. जी ठिकाणे तिकिटाच्या जोरावर चालतात, तीही कायमची नसतात. १९८९मध्ये गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड २०२२मध्ये बंद झाले. एका पिढीने तिथे जाण्यासाठी वर्षभर अभ्यास केला होता.

या करारात सर्वांत जास्त सोसते ते कापलेल्या रेषेच्या खालचे मूल. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन भाऊ आहेत. थोरल्याला ९३ टक्के पडतात, धाकट्याला ६०च्या आसपास. करार दोघांशी सारखाच केलेला, म्हणजे कागदावर न्याय अगदी चोख. पण थोरल्याला वॉटर पार्कला न्यायचे तर धाकट्याला घरी कसे ठेवणार? म्हणून त्यालाही नेतात. ‘दादामुळे तू आलास’ असे त्याला कोणी बोलून दाखवत नाही, इतकी माणसे सुसंस्कृत आहेत. तरी त्याला ते माहीत असते. तो घसरगुंडीवर थोरल्याच्या मागे रांगेत उभा राहतो आणि पुढे जायचा हट्ट करत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हट्ट करू नये, यात मला काही समाधान वाटत नाही. बँकेत आम्ही जामीनदार घेऊन कर्ज देत होतो. जामीनदाराच्या जिवावर सहलीला आलेले मूल मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो.

आईवडिलांची बाजू मला माहीत नाही, असे नाही. दोघे नोकरीला, रोजचे तीन तास प्रवासात, हातात एकच रविवार. त्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि मुलाचा क्लास. जे देता येत नाही त्या वेळेच्या बदल्यात काहीतरी मोठे, ठसठशीत द्यावे असे त्यांना वाटते. आणि मोठे द्यायचे तर त्याला निमित्तही तसेच मोठे हवे. मला वाटते, घोटाळा या मोठेपणात आहे. वर्षातून एकदा चार हजारांची सहल असली की ती कमवावी लागते. दर पंधरा दिवसांनी बसचे तिकीट आणि एक भेळ एवढाच खर्च असला, तर त्याला ना मुलाची पात्रता लागते, ना आईबापांची हिंमत. पावसाळ्यात भरतीची वेळ पाहून मरीन ड्राइव्हवर जावे, कठड्यापासून चार हात दूर उभे राहून लाट अंगावर घ्यावी आणि भिजून घरी यावे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५पासून आहे. तिथे मुलांना यंत्रांना हात लावू देतात आणि हात लावल्याबद्दल कोणी ओरडत नाही.

मे महिन्यात नाट्यगृहांत दुपारचे बालनाट्यांचे प्रयोग लागतात. सुधा करमरकर यांनी १९५९मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून ही परंपरा मराठी मुलांच्या वाट्याला आली आहे. मतकरी स्वतः वीसेक वर्षे बँकेत नोकरीला होते, याचा आम्हां बँकवाल्यांना अभिमान आहे. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीला दिलीप प्रभावळकरांनी एका पिढीला घाबरवले आणि २०१८मध्ये ते नाटक पुन्हा आले तेव्हा वैभव मांगले यांनी दुसरीला. अंधारात शेजारच्या अनोळखी मुलाचा हात धरून किंचाळण्याची मजा असते, ती गेम झोनच्या एकेकट्या यंत्रापुढे मिळत नाही.

वाचकांपैकी कोणाचा करार आधीच झालेला असेल, तर तो मोडा, असे मी सांगणार नाही. दिलेला शब्द पाळावा. धनादेश परत गेला की पत जाते आणि मुलांच्या बाजारात ती लवकर परत येत नाही. पण परीक्षा संपली आहे आणि निकाल अजून लागायचा आहे, असे काही दिवस आत्ता हातात आहेत. कोणाला किती पडले हे घरात कोणालाच माहीत नाही. याच दिवसांतला एखादा धरावा. शेजारच्या बिऱ्हाडातले एखादे पोर बरोबर घ्यावे, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घ्याव्यात आणि ऊन चढण्याच्या आत निघावे. पेढे निकालानंतर आणावेत आणि ते मुलाच्याच हाताने मजल्यावरच्या सगळ्या दारांत पोहोचवावेत. बेल वाजवल्यावर लोक आधी कॅमेऱ्यातून पाहतील, त्याला इलाज नाही. राणीच्या बागेत जाणार असाल तर बुधवार टाळा. बुधवारी ती बंद असते.